सदर मांजर

मांजर दत्तक घ्यायला मुलाखत द्यावी लागते, हे ज्ञानदेव ओव्हाळांना वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

मुलाखत घ्यायला तळेगावहून वर्षाली नावाची पंचविशीतली एक मुलगी आली. रस्त्यावरची आजारी मांजरं उचलायची, बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची, हा तिचा उद्योग. तिनं चपला दारात काढल्या, पाणी नको म्हणाली आणि पिशवीतून तीन पानी तक्ता बाहेर काढला. तक्ता बघून ज्ञानदेवांना आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. चाकणच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते क्वालिटी खात्यात होते. असेच तक्ते घेऊन ते सप्लायर लोकांच्या दारात उभे राहत, आणि त्यांची गाडी फाटकात दिसली की आतले लोक जमीन पुसायला घेत. आपल्यालाही कुणी तपासायला येईल, हे मात्र त्यांच्या स्वप्नात आलं नव्हतं.

"खिडक्यांना जाळी आहे?"

"आहे. एक इंची गाळा. स्टेनलेस," ज्ञानदेव म्हणाले.

"दिवसभर घरी कोण असतं?"

"मी. तीन महिन्यांपूर्वी रिटायर झालो."

"काका, तुम्ही चिडता का?"

"छे! अजिबात नाही."

"हो," स्वयंपाकघरातून प्रभावतीबाई म्हणाल्या.

वर्षालीनं काहीतरी लिहिलं. ते बघायला ज्ञानदेव पुढं वाकले, तर तिनं तक्ता छातीशी धरला. पोरगी तयार आहे, असं त्यांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

खरं तर हे मांजराचं खूळ त्यांचं नव्हतंच. रिटायर झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक गोष्टीची क्वालिटी तपासू लागले होते. दूधवाल्याचं दूध, पोळीचा पापुद्रा, कामवाल्या बाईंचा पोछा, काही म्हणता काही सुटत नव्हतं. प्रभावतीबाई शाळेत शिकवायला जात म्हणून निम्मा दिवस तरी वाचत. शेवटी त्यांनी बंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीला फोन केला. "साक्षी, तुझ्या बाबांना काहीतरी काम दे. नाहीतर मी शाळेतच बिछाना टाकते." साक्षीनं तिथं बसल्या बसल्या फॉर्म भरला, हमीपत्र भरलं आणि बाबांना परस्पर मांजर लावून दिलं.

आठवड्यानं मांजर आलं. दुधाळ कॉफीच्या रंगाची, हिरव्या डोळ्यांची, वर्षभराची मांजरी. वर्षालीनं तिचं नाव 'लॅटे' ठेवलं होतं. प्रभावतीबाईंनी पहिल्याच मिनिटाला त्याचं 'लाटी' करून टाकलं, आणि अंगाचा गोळा करून ती सोफ्यावर बसली तेव्हा पोळीची लाटीच परातीत ठेवल्यासारखी दिसली, म्हणून तेच नाव कायम झालं.

"तिला सवय आहे ना? म्हणजे... त्या बाबतीत?" मांजर सोडून निघालेल्या वर्षालीला ज्ञानदेवांनी विचारलं.

"हो काका. फक्त लिटर बॉक्स ठेवा आणि त्यात घालायला लिटर आणा, मांजरांची माती असते ती. थोडी नाजूक आहे त्या बाबतीत, पण होईल."

'थोडी नाजूक आहे' या शब्दांचा अर्थ ज्ञानदेवांना कळायला हवा होता. सप्लायर जेव्हा 'साहेब, माल थोडासा वेगळा आहे' म्हणतो, तेव्हा ट्रक परत पाठवायचा असतो, हे त्यांनी चौतीस वर्षं पाळलं होतं. पण त्या वेळी लाटी त्यांच्या पायाला डोकं घासत होती, आणि माणूस किती म्हणून सावध राहणार?

ते पिंपरीच्या बाजारात गेले. "मांजरासाठी लिटर द्या."

"किती लिटर?" दुकानदारानं विचारलं.

"तेच. लिटर."

"हो, पण किती लिटर? पाच लिटर, दहा लिटर?"

पाच मिनिटं हा संवाद चालला आणि शेवटी ज्ञानदेव दहा लिटर लिटर, लॅव्हेंडरच्या वासाचं, आणि त्याबरोबर छप्पर, दरवाजा आणि हँडल असलेला निळा डबा घेऊन कासारवाडीला परतले. असा डबा त्यांच्या तरुणपणी चाळीत माणसांनासुद्धा मिळत नव्हता. त्यांनी तो बाथरूममध्ये मांडला, चारी बाजूंनी पाहिला, आणि खूश होऊन लाटीला दाखवला.

लाटीनं डब्याला एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावली, एकदा शिंकली आणि सरळ जाऊन सोफ्यामागं बसली. काम तिथंच उरकलं.

पहिला दिवस आहे, नवी जागा आहे, असं ज्ञानदेव म्हणाले. दुसऱ्या दिवशी निरोप समारंभात मिळालेली शाल गेली. तिसऱ्या दिवशी प्रभावतीबाईंनी तपासायला आणलेले सातवी 'ब' चे इतिहासाचे पेपर. त्या संध्याकाळी गॅलरीतल्या दोरीवर नऊ उत्तरपत्रिका चिमट्याला टांगलेल्या होत्या आणि निम्म्यांची शाई ओघळून गेली होती.

"काय लिहिलं होतं त्यात?" ज्ञानदेवांनी अपराध्यासारखं विचारलं.

"वासानं वाचता येत नाही," प्रभावतीबाई म्हणाल्या. "नऊच्या नऊ पोरं पास केली. त्यांच्या आयांना काय सांगू, ते तुम्ही येऊन सांगा."

आता हा प्रश्न घरगुती राहिला नाही, तांत्रिक झाला. ज्ञानदेवांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली. कंपनीत कुठलाही दोष सापडला की त्याची कारणं अशीच शोधत. माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, असे चार काटे. मशीनच्या काट्यावर त्यांनी 'डबा' लिहिलं, मटेरियलवर 'लिटर', पद्धतीवर मोठं प्रश्नचिन्ह. ते अंघोळीला गेले असताना प्रभावतीबाईंनी 'माणूस' या काट्यापुढं सुवाच्य अक्षरात 'ज्ञानदेव' लिहून ठेवलं.

शेजारच्या शालनबाईंना वासावरूनच सगळं कळलं होतं. त्या वाटीभर साखर मागण्याच्या निमित्तानं आल्या आणि तासभर बसल्या.

"भाऊ, मांजर आणलं की पहिल्या दिवशी चुलीभोवती तीन फेरे मारायचे असतात. मग ते घर धरतं. तुम्ही मारले का?"

"आमच्याकडं असलं काही चालत नाही, ताई," ज्ञानदेव जरा ताठ होऊन म्हणाले.

"तुमच्याकडं नसेल हो. पण मांजरात चालतं."

ज्ञानदेवांनी ठाम नकार दिला. शालनबाई गेल्या. पुढच्या दोन दिवसांत लाटीनं पायपुसणं, इस्त्रीचे कपडे आणि प्रभावतीबाईंची शाळेची पिशवी एवढा टप्पा गाठला. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रभावतीबाई घरी आल्या, तेव्हा ज्ञानदेव काखेत मांजर धरून गॅसच्या शेगडीसमोर उभे होते. शेगडी ओट्यावर आणि ओटा भिंतीला चिकटलेला, त्यामुळं फेरा मारायचा कसा हा पेच पडला होता.

"हा प्रयोग आहे," ते घाईघाईनं म्हणाले. "श्रद्धा नाही."

प्रभावतीबाई हात धुवायला गेल्या.

मग मांजरांचा डॉक्टर झाला. डॉक्टरांनी लाटीला उलटी-सुलटी करून पाहिली आणि लघवीचा नमुना आणायला सांगितला. हिला सांगून कुठं करता येत असतं, तर आम्ही इथं कशाला आलो असतो, हा ज्ञानदेवांचा सवाल डॉक्टरांना पटला, आणि त्यांनी स्वतःच सुईनं नमुना घेतला. रिपोर्ट स्वच्छ आला.

"मांजर एकदम ठणठणीत आहे. प्रॉब्लेम मांजरात नाही."

"मग कशात आहे?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून ज्ञानदेवांकडं नुसतं पाहिलं. ती नजर घेऊन ते घरी आले आणि जेवले नाहीत.

त्यांचं खरं दुखणं इथं सांगितलं पाहिजे. घाण काढायला ते कंटाळले नव्हते. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर लाल शिक्का मारलेल्या माणसाला एक अडीच किलोची मांजरी रोज नापास करत होती, आणि कारणही देत नव्हती. शेवटी एका दुपारी त्यांनी दार लोटलं, बाथरूममध्ये गुडघे टेकले आणि लाटीला समोर बसवून स्वतः दोन्ही हातांनी लिटर उकरून दाखवलं. "हे बघ, असं. असं खणायचं, आणि मग..." दार लोटलं होतं, लावलं नव्हतं. साखरेची वाटी परत करायला आलेल्या शालनबाई बाथरूमच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. वाटी तिथंच ठेवून त्या पाठमोऱ्या निघून गेल्या. संध्याकाळी पार्किंगमध्ये तीन माणसांनी ज्ञानदेवांना "तब्येत कशी आहे, साहेब?" असं फार प्रेमानं विचारलं.

त्यानंतर सोसायटीची नोटीस आली. सोसायटीचे चेअरमन दादासाहेब. ही इमारत ज्या जागेवर उभी होती, तिथं एकेकाळी त्यांच्या घरचा ऊस होता, त्यामुळं ते सोसायटीकडं अजून शेत म्हणूनच बघत. नोटिशीत लिहिलं होतं: 'पहिल्या मजल्यावरील जिन्यात सदर मांजराचा दुर्गंध येत असल्याबाबत. सदर मांजराची नोंदणी सोसायटीकडे आढळून येत नाही. आठ दिवसांत नोंदणी करावी व दुर्गंध थांबवावा, अन्यथा सदर मांजर इमारतीबाहेर हलवावे.'

ज्ञानदेव नोंदणीचा फॉर्म आणायला ऑफिसात गेले. फॉर्म कुत्र्यांसाठी छापलेला होता. 'भुंकण्याच्या वेळा' या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं. 'पट्टा व साखळीची लांबी' इथंही निरंक. दादासाहेबांनी फॉर्म परत केला.

"ओव्हाळसायेब, निरंक चालनार न्हाई. रकाना भरावा लागतोय."

"दादासाहेब, मांजर भुंकत नाही."

"ते आमाला बी म्हाईत हाय. पन फारमाला म्हाईत न्हाई ना. आन फारम ऱ्हाऊ द्या, वासाचं काय करताय? आमच्या आख्ख्या गावात मांजरं हुती, कुनाच्या नाकाला कळत नव्हती. तुमचं एकच हाय आन जिना चढवत न्हाई."

आठ दिवसांतले तीन गेले. चौथ्या दिवशी दुपारी ज्ञानदेवांचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा लाटी घरात नव्हती. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली, फ्रीजसुद्धा उघडला. दार बंद, खिडक्यांना स्टेनलेस जाळी. मग त्यांची नजर बाथरूमच्या वरच्या काचेच्या झडपेवर गेली. एक पट्टी निघालेली होती, आणि बाहेरून ड्रेनेजचा पाइप थेट जमिनीपर्यंत गेला होता. या एका भोकाला जाळी नव्हती. वर्षालीच्या तक्त्यातून ते सुटलं होतं, आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे, ज्ञानदेवांच्या नजरेतून सुटलं होतं.

ते अनवाणी खाली धावले. प्रभावतीबाईंना काय सांगायचं, साक्षीला काय सांगायचं, रस्त्यावर किती गाड्या असतात, असलं सगळं एकदम डोक्यात आलं. "लाटी! लाटी!" म्हणून हाका मारत त्यांनी पार्किंगला दोन चकरा मारल्या. तेव्हा वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला, "साहेब, ती तिकडं आहे. रोज येते दुपारची. पाच-सहा दिवस झाले."

इमारतीच्या प्लास्टरचं काम नुकतंच काढलं होतं. मागच्या अंगाला चाळलेल्या बारीक वाळूचा पुरुषभर उंच ढीग होता. त्या ढिगाच्या उतारावर लाटी बसली होती. शेपूट ताठ, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर परम समाधान. उरकल्यावर तिनं मागच्या पायांनी नीटनेटकी वाळू सारली, वास घेतला, आणखी थोडी सारली, आणि मग ज्ञानदेवांकडं पाहिलं.

ज्ञानदेवांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि वर नेलं. काचेची पट्टी बसवली, वरून जाळी ठोकली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा लॅव्हेंडरच्या डब्यात स्वतःचं तोंड घालून हुंगून पाहिलं. सात शिंका आल्या.

वाळू हवी होती. आता माणसानं सरळ चेअरमनकडं जाऊन दोन बादल्या वाळू मागावी. पण ज्या माणसानं आपला फॉर्म परत केला, त्याच्याकडं मांजराच्या शौचासाठी वाळू मागायची? ज्ञानदेवांच्या जिभेवर ते वाक्य चढेना. त्यांनी बादली घेतली, वर टॉवेल टाकला, आणि दुपारी दोन वाजता, सगळी सोसायटी आडवी झाली असताना, खाली उतरले.

पहिल्या दिवशी त्यांनी ती वाळू निळ्या डब्यात भरली. लाटीनं हुंगली आणि निघून गेली, कारण डब्याला लॅव्हेंडर मुरलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा घासून, छप्पर काढून पुन्हा वाळू भरली. या वेळी ती आत शिरली, अंमळ उभी राहिली, आणि बाहेर येऊन दाराजवळ बसली. प्रगती होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबाच बाद केला, लोखंडी घमेलं विकत आणलं, आणि तिसरी बादली आणायला गेले.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. पार्किंगच्या कॅमेऱ्यातला. त्यात एक साठीचा गृहस्थ टॉवेलनं झाकलेली बादली घेऊन इकडंतिकडं बघत वाळूच्या ढिगाकडं जाताना दिसत होता. तीन दिवस, तीन वेळा. खाली दादासाहेबांनी लिहिलं होतं: 'वाळूचोरी. उद्या अकरा वाजता ऑफिसात मीटिंग.'

प्रभावतीबाईंनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "टॉवेल कशाला टाकलात हो? नुसती बादली नेली असती, तर कुणी पाहिलंही नसतं."

"प्रभा, आयुष्यात कंपनीचा एक नट घरी आणला नाही मी."

"माहितीय मला," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याची दया आली. "उद्या मी येते बरोबर."

रविवारी ऑफिस खच्चून भरलं. नुकतंच नवं प्लास्टर झालेलं ऑफिस होतं. कंत्राटदार मारुतरावांनी आधी ऑफिसच्या चारी भिंती नमुना म्हणून करून दाखवल्या होत्या, आणि तेही एका बाजूला हात बांधून उभे होते. दादासाहेबांनी व्हिडिओ लावला. तीन वेळा लावला.

"ओव्हाळसायेब, तुमी सांगा. आमाला काय समजायचं?"

ज्ञानदेव उठले. घसा खाकरला. आणि सगळं सांगितलं. डबा, लॅव्हेंडर, डॉक्टर, चुलीचे फेरे, सगळं. सुरुवातीला लोक गंभीर होते. फ्रीज उघडून पाहिल्याचं आलं तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. दादासाहेबसुद्धा मिशीत हसले. "आरं, मग मागायची ना वाळू! दोन बादल्यांनी काय आमी भिकेला लागतोय? बसा, बसा. मिटलं."

मिटलं होतं. खाली बसायचं, एवढंच बाकी होतं. प्रभावतीबाईंनी त्यांचा सदरा खालून ओढलासुद्धा. पण ज्ञानदेव बसेनात. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता.

"दादासाहेब, एक गोष्ट राहिली. माझ्या लक्षात आली आहे आणि न सांगता मला बसता येणार नाही. मांजर पाच-सहा दिवस रोज त्या ढिगावर जात होतं. आणि या ऑफिसचं प्लास्टर मंगळवारी झालं. म्हणजे..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. मग हळूहळू एकेक नाक वर झालं. भिंतीला टेकून उभे असलेले चार जण एकदम पुढं सरकले. दादासाहेब खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेले, वाकले, हुंगलं, आणि वळून मारुतरावांकडं पाहिलं.

"मारुतराव, चार दिस आमी डरेनेजवाल्याला शिव्या घालतोय!"

आता ज्ञानदेवही भिंतीपाशी गेले होते. सवयीनं त्यांनी बोटाचं पेर भिंतीवर वाजवलं. मग दुसरीकडं वाजवलं. मग नखानं खरवडलं, तर पिठासारखी भुकटी हातात आली.

"वासाचं मांजरावर घ्या," ते म्हणाले. "पण हे मांजरानं केलेलं नाही. यात सिमेंट निम्मंसुद्धा नाही."

मारुतराव सांगू लागले की हवा दमट आहे, पाणी बरोबर मारलं गेलं नाही, मजूर नवे आहेत. ज्ञानदेवांनी शांतपणे ऐकून घेतलं. हवा, पाणी आणि मजूर, ही तिन्ही कारणं त्यांनी चौतीस वर्षांत इतक्या वेळा ऐकली होती, की त्यांचा अर्थ त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी फक्त भिंतीवर चार ठिकाणी पेन्सिलीनं गोल केले आणि म्हणाले, "इथं फोडून बघा."

फोडलं. दादासाहेबांनी बघितलं. एक तुकडा उचलून बोटांत चुरडला.

"आख्खी बिल्डिंग अशी झाली आसती," ते म्हणाले. "ओव्हाळसायेब, उद्यापासून ह्या कामावर तुमी उभं ऱ्हायचं. तुमी हो म्हनल्याबिगर एक भिंत पुढं जायाची न्हाई. आन मांजराला म्हैनाभर मुदत. फारमात भुकन्याच्या जागी 'म्याव' लिवा, मी सही करतो."

सोमवारी सकाळी आठ वाजता ज्ञानदेव इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. इतके दिवस ते आधी डब्याकडं आणि मग घमेल्याकडं डोळे लावून बसले होते. त्या दिवशी मांजराकडं बघायला त्यांना सवडच झाली नाही. बाराच्या सुमाराला ते दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभे होते आणि मारुतरावांना मसाल्याचं प्रमाण पुन्हा एकदा समजावत होते, तेवढ्यात फोन वाजला. प्रभावतीबाई शाळेतून आल्या होत्या आणि कुजबुजत बोलत होत्या.

"अहो, लाटी गेली!"

ज्ञानदेवांनी परांचीचा बांबू घट्ट धरला. "कुठं गेली? जाळी निघाली का?"

"बाहेर नाही हो! घमेल्यात गेली! मी दाराआडून बघत्येय."

ज्ञानदेवांनी मारुतरावांकडं पाठ केली. मग हळूच त्यांनी विचारलं, "खणलं?"

"खणलं."

"नंतर झाकलं?"

"छान झाकलं. दोनदा वास घेऊन खात्री केली, आणि मग झाकलं. अगदी तुमच्यासारखी आहे."

ज्ञानदेवांनी फोन खिशात ठेवला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मारुतराव जरा काळजीत पडले.

"साहेब, घरी सगळं ठीक ना?"

"एकदम ठीक."

मारुतरावांना वाटलं, साहेबांचा मूड चांगला आहे, हीच वेळ. "मग ही भिंत पास करायची?"

ज्ञानदेवांनी चष्मा लावला. भिंतीवर पेर वाजवलं, कान लावला, आणखी एकदा वाजवलं.

"ही उतरवा," ते म्हणाले. "आणि कुणाला तरी कोपऱ्यावर पाठवा. सगळ्या मजुरांना पेढे, माझ्याकडून."

"पेढे? कशाचे, साहेब?"

ज्ञानदेव परांचीवरून खाली उतरू लागले होते. "ते विचारू नका," ते म्हणाले. "खा आणि भिंत उतरवा."